देवीचे अकरा तोळे

बऱ्हाणपूरला जाणारा माणूस बहुधा मोगलांचे हमामखाने पाहायला जातो, किंवा घरात लग्न असेल तर जरीकाठाचे कापड घ्यायला. मी एका देवीचे वजन करायला गेलो. परत आल्यावर पुण्यात ज्याला हे सांगितले त्याने "म्हणजे दर्शनाला?" असे विचारले, आणि मीही "हो" म्हणून विषय मिटवला. पण त्या गावाने मला चार दिवस ज्या मायेने वागवले ती आठवली की हे उत्तर फसवे वाटते. म्हणून सगळे लिहून काढतो.

मी धातूंचा रसायनज्ञ. जुनी नाणी, मूर्ती, दिवे कशाचे केलेले आहेत हे त्यांना इजा न करता सांगायचे, हा आमच्या प्रयोगशाळेचा उद्योग. आमचे वरिष्ठ याबाबतीत फार कडक. जुन्या वस्तूवर कानस चालवणाऱ्या माणसाला ते मूर्तिभंजकांच्या रांगेत बसवत. तर बऱ्हाणपूरच्या तहसील कचेरीतून पत्र आले ते असे:

जसोंडी गावी केळीची बाग लावताना एका शेतकऱ्याच्या कुदळीला हातभर उंचीची धातूची मूर्ती लागली. गावाने तिला लक्ष्मीआई ठरवून देवळात बसवले आणि रोज सकाळी अभिषेक सुरू केला. पुढे प्रभावळीची खीळ ढिली झाली म्हणून पाटलांनी मूर्ती बऱ्हाणपुरातल्या सीताराम कासाराकडे नेली. नेताना वजन भरले सात शेर अकरा तोळे. बावीस दिवसांनी परत घेताना भरले सात शेर. मूर्ती आतून सोन्याची होती, तळाला बोट जाईल एवढे भोक आहे, त्यातून कासाराने अकरा तोळे सोने खरवडले, असे गावाचे म्हणणे. मूर्ती कचेरीत कुलपात आहे. तरी ती सोन्याची आहे काय, असल्यास तीतून काही गेले आहे काय, आणि नसल्यास काय, याचा खुलासा व्हावा.

"नसल्यास काय" याचे उत्तर कुठल्या शास्त्रात शोधायचे ते मला आजतागायत कळलेले नाही.

यात सरळ उपाय होता. मूर्तीला बारीक भोक पाडायचे, कीस तपासायचा. पण भोक पाडलेली मूर्ती खंडित, आणि खंडित मूर्तीची पूजा होत नाही. म्हणजे जसोंडीचे गावकरी आणि आमचे वरिष्ठ वेगवेगळ्या वाटांनी एकाच मतावर आले होते. मी माझा लांब दांडीचा तराजू लाकडी पेटीत घातला आणि निघालो.

स्वागत

ते दिवस विलीनीकरणाचे होते. संस्थाने संपली होती, प्रांतांच्या सीमा रोज वर्तमानपत्रात हलत होत्या, आणि बऱ्हाणपूर कोणत्या राज्यात राहणार यावर टांगेवाल्यापासून सगळ्यांचे मत ठाम होते. स्टेशनवर मला घ्यायला एक वकीलसाहेब आले होते. ते एकूण सात समित्यांचे अध्यक्ष. आठवी त्यांनी माझ्या स्वागतासाठी काढली होती. त्यांनी माझ्या मागे आणखी कोणी मोठा माणूस उतरतो आहे का ते दोनदा वाकून पाहिले आणि मग नाइलाजाने हार माझ्या गळ्यात घातला.

संध्याकाळी सभा झाली. वकीलसाहेबांनी देवीपासून सुरुवात केली आणि राष्ट्राच्या एकात्मतेवर शेवट केला. मधला रस्ता मला नीट कळला नाही, पण टाळ्या वेळेवर पडल्या. सभेनंतर मात्र माव्याची जिलबी आली. आमच्याकडची जिलबी पिवळी, नाजूक आणि मोजून दोन. ही काळपट, जाडजूड, आणि पानात पडली की नको म्हणायला तोंड मोकळे राहत नाही. वकीलसाहेबांची भाषणे मी त्या जिलबीच्या खाती माफ केली आहेत.

पहिल्या रांगेत कडेला पागोटे मांडीवर घेऊन एक धिप्पाड गृहस्थ बसले होते. ते जसोंडीचे दगडू पाटील. जिलबीला त्यांनी हात लावला नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "साहेब, गोडबीड नंतर. आमची देवी परत पायजे. जशी होती तशी. अकरा तोळ्यांसकट."

शाळेतला तराजू

दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेत मूर्ती आणली. एका बाकावर पाटील आणि त्यांचे चार गावकरी बसले, समोरच्या बाकावर सीताराम कासार एकटे. साठीचा माणूस, बारीक, हातावर भट्टीचे डाग. सगळे त्यांना आप्पा म्हणत. निदान आरोपाआधी म्हणत असत.

मी भिंग लावून मूर्ती पाहिली. चेहरा फार शांत आणि गोड. ती लक्ष्मी आहे की आणखी कोणी, याविषयी माझ्या मनात शंका होती, पण मला धातू विचारला होता, नाव नव्हे. साडीच्या चुण्यांत हिरवी पूट दिसत होती. सोने हिरवे पडत नाही, तांबे पडते. तसे मी सांगितले.

"वरतून तांबं," पाटील म्हणाले. "आतून सोनं. आमच्या वडलांच्या वेळेपासून ऐकून राहिलो, तसेच करत जुने लोक."

मूर्ती सापडून सहा महिने झाले होते. पण वडिलांच्या वेळेपासून चालत आलेल्या गोष्टीला असल्या तपशिलाची अडचण होत नाही.

मग तोलायचे ठरले. वस्तू आधी हवेत तोलायची, मग पाण्यात टांगून तोलायची. पाण्यात जेवढे वजन घटते त्यावरून धातू किती घट्ट ते निघते. यात मूर्तीला लागतो तो फक्त दोरा. स्वच्छ पाणी हवे म्हटल्यावर वकीलसाहेबांनी भंडाऱ्याचे पाणी मागवले. डोंगरातून झिरपलेले पाणी भुयारातून गावापर्यंत आणणाऱ्या त्या मोगली विहिरींचा बऱ्हाणपूरकरांना केवढा अभिमान! त्यात चुना असतो, मला पावसाचे पाणी चालले असते, असे म्हणायचे मी टाळले. माझा परतीचा प्रवास अजून व्हायचा होता.

हवेत वजन बरोबर सात शेर. पाण्यात टांगल्यावर ती पितळेपेक्षाही हलकी भरली. मी आनंदाने म्हणालो, "पाहा, आत सोने असते तर ती पितळेहून जड भरली असती. आत मातीचा गाभा असणार. जुने ओतारी मातीवर मेण चढवून मूर्ती घडवत, मग मेण वितळवून त्या जागी धातू ओतत. माती आतच राहायची."

पाटलांनी क्षणभर विचार केला. "मतलब, सोनं काढून घेतल्यावर हलकीच भरंन ना?"

"पण आत माती आहे. भोकातून दिसते."

"ती यानं भरली."

या तर्काला पुण्यातही उत्तर मिळाले नसते. आणि तेवढ्यात माझा तराजू दगा देऊ लागला. पाण्यातल्या मूर्तीच्या बुडातून बारीक बुडबुडे निघत होते आणि काटा स्थिर होईना. मूर्तीचे पारडे हळूहळू खाली जात राहिले. मी आकडा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी मूर्ती बाहेर काढून पुसून हवेत तोलली, तर ती सकाळपेक्षा दोन तोळे जास्त!

गावकऱ्यांच्या बाकावर हसू फुटले. "साहेब, तुमचा काटा तं आमच्या बाजारच्या काट्याहून वाईट निघाला." त्या तराजूची दांडी ज्या धारेवर डोलते ती धार मी दुपारभर पुशीत बसलो. तो मी स्वतः हौसेने निवडलेला तराजू होता, म्हणून त्याला मनातल्या मनात घातलेल्या शिव्या इथे देत नाही.

दुपारनंतर वकीलसाहेबांच्या ओळखीने दवाखान्यात मूर्तीचा एक्स-रे काढला. यंत्र हाडांसाठी होते. फिल्मवर देवीच्या आकाराचा पांढरा डाग उमटला, आत काहीच दिसेना. डॉक्टर म्हणाले, "आयुष्यात पहिला पेशंट, ज्याला श्वास रोखा म्हणावं लागलं नाही." दिवसाची कमाई एवढीच.

कासाराची कोठी

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आप्पांच्या घरी गेलो. मूर्ती ठेवली ती जागा आणि वापरलेली हत्यारे पाहायची होती, हे खरे कारण. दुसरे असे की आदल्या दिवशी सगळे गेल्यावर ते दारात थांबले होते आणि म्हणाले होते, "साहेब, घरी चहाले या. दीड महिन्यात कोणी आलं नाही."

पुढे दुकान, मागे घर. भट्टी थंड. कोपऱ्यात चपराशी पट्ट्यावर लावतात तसल्या पितळी बिल्ल्यांचा ढीग होता. एकेका बिल्ल्यावर एकेका गेलेल्या संस्थानाचे चिन्ह: सूर्य, घोडा, कट्यार. नव्या सरकारसाठी ते वितळवून नवे बिल्ले ओतायचे काम आप्पांना मिळाले होते. देवीचे प्रकरण झाले आणि काम थांबले. विलीनीकरणावर मी पुष्कळ अग्रलेख वाचले होते, पण ते मुशीजवळ ढीग लावून वाट पाहत पडलेले प्रथमच पाहिले.

"कल्हईले सुद्धा भांडं येत नाही," आप्पा म्हणाले. "आमच्या धंद्यात वजनानं घ्यायचं, वजनानं द्यायचं. बाप तसंच करत होता, आजा तसंच. त्या दिवशी काटा मीच धरला होता, साहेब. पाच माणसांसमोर. आकडाबी मीच मोठ्यानं बोललो, सात शेर. बोलल्यावर समजलं की काय बोललो." भट्टीतली थंड राख उकरत म्हणाले, "मले खात्री हाये की मी घेतलं नाही. पण कमी भरलं, हे बी खरं. मंग घरात विचारलं."

घरात म्हणजे गोदाकाकूंना. त्यांनी त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणे टाकले होते. चहा घेऊन आल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "त्याहिले सांगा, साखर घातली हाये."

"तिले सांगा, मले दिसून राहिली," आप्पा म्हणाले.

मी दोन्ही निरोप पोचवले. दोघे चार हातांवर बसलेले. चहाबरोबर दराबा आला, रवा, साखर आणि तूप फेसून फेसून केलेला, इतका हलका की चमचा पोचेपर्यंत निम्मा विरघळतो. मी स्तुती केली. काकूंचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच विझला.

"नव्या गव्हाचा रवा हाये, विकत आणलेला. घरचे गहू नासले माझे या देवीपायी. त्याहिले इचारा, कोणी सांगितलं होतं कोठीत ठेवाले?"

"कोठीत?" मी विचारले.

आप्पांनी सांगितले ते असे. मूर्ती आली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे चुलतभाऊ वारले. सुतक लागले. सुतकात देवीला हात लावायचा नाही, मग पूजा कुठली आणि अभिषेक कुठला? फळीवर उघडी ठेवावी तर मन घेईना. शेवटी शेजारच्या भटजींना बोलावले. ते म्हणाले, नव्या मूर्तीला प्रतिष्ठेआधी धान्यात ठेवतातच, तो धान्याधिवास. त्यांनी स्वतःच्या हाताने देवी गव्हाच्या कोठीत निजवली आणि वर गहू ओतले. सुतक फिटल्यावर आणि खीळ बसवून झाल्यावरही आप्पांनी ती कोठीतच ठेवली, पाटील येईपर्यंत.

"चांगले उन्हं दाखवलेले गहू," काकू म्हणाल्या, "कडुलिंबाचा पाला घालून भरलेले. देवी काढली तं मुठीएवढे गठ्ठे! बुरशी आलेली. जसं कोणी लोटाभर पाणी ओतलं. मी म्हणून राहिले होते, तं हे उलटे मलेच इचारतात, कोठीजवळ कोण गेलं होतं म्हणून."

मी बशी खाली ठेवली. काल पाण्यात बुडबुडे का येत होते, पारडे का खाली जात होते, आणि माझा बिचारा तराजू किती खरे बोलत होता, हे सगळे एकदम लक्षात आले. जसोंडीला तीन-चार महिने रोज अभिषेक. पायाशी साचलेले पाणी तळाच्या भोकातून आतली भाजलेली माती पीत राहिली. मग ती ओली देवी सुक्या गव्हात बावीस दिवस. गव्हाने पाणी ओढून घेतले. ज्या माणसाने देवीची सर्वांत जास्त काळजी घेतली, त्याच्याकडे तिचे वजन घटले.

"काकू," मी म्हणालो, "ते गहू टाकले का?"

"टाकते कशाले? गायीले नेऊन घातले." म्हणजे पुरावा गायीने खाल्ला होता. आता देवीलाच विचारायला हवे होते.

जलाधिवास

पाटलांना पटवणे सोपे गेले, कारण मी शास्त्राचे नावच काढले नाही. देवीला दिवसभर पाण्यात ठेवायचे आहे, म्हटले. ते म्हणाले, "जलाधिवास! ठेवा की. दोन महिने झाले, अभिषेक नाही तिले." शाळेतल्या मोठ्या हंड्यात भंडाऱ्याचे पाणी भरले आणि भटजींनी मंत्र म्हणत मूर्ती आडवी ठेवली. मूर्तीला दिवसभर पाण्यात ठेवले हे वरिष्ठांना पुढे कळले तेव्हा त्यांनी मला जे ऐकवले ते रास्त होते. पण रोजच्या दह्या-मधापुढे एक दिवसाचे पाणी काहीच नव्हते, आणि हंड्याबाहेर एक माणूस दीड महिना सुकत बसला होता.

बुडबुडे दुपारपर्यंत येत राहिले. बाकावरची माणसे ते मोजू लागली, मग कंटाळली, मग केळी खाऊ लागली. पाटलांनी स्वतःच्या बागेतला घड आणला होता. एक फणी त्यांनी माझ्यापुढे सरकवली, आणि बराच वेळ हातात धरून ठेवलेली दुसरी आप्पांच्या बाकाच्या टोकावर ठेवली. आप्पांनी तिच्याकडे पाहिले नाही.

चार वाजता बुडबुडे थांबले. मूर्ती काढली, भटजींनी कोरड्या पंचाने पुसली. मी आप्पांना म्हणालो, "काटा तुम्ही धरा."

"मी नाही," ते म्हणाले.

"मी धरतो," असे म्हणून पाटील उठले. माझा तराजू त्यांच्या हातात मला जरा भीतीदायक वाटला, पण त्यांनी तो लेकरासारखा धरला. सात शेर टाकले. देवीचे पारडे हलले नाही. एक तोळा, दोन, पाच. आठ, नऊ. दहा टाकल्यावर दांडी हलली. अर्धा तोळा आणखी टाकला आणि ती सरळ झाली.

सात शेर साडेदहा तोळे.

अर्धा तोळा कमी होता. मी शास्त्राचा माणूस. मला तो सांगणे भाग होते. "अकरा नाही, साडेदहा," मी म्हणालो.

पाटलांनी काट्यावरची नजर काढली नाही. "राहू द्या," ते म्हणाले. "अर्धा तोळा तं आमचं दहीच असंन."

दाराशी गोदाकाकू केव्हा येऊन उभ्या होत्या कोणास ठाऊक. त्या आप्पांजवळ आल्या आणि दीड महिन्यात पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलल्या. "ऐकलं? माझे गहू तुमच्या देवीनं भिजवले. आता दोन मण गहू आणून द्या." आप्पांनी पंचा तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही.

वकीलसाहेबांनी मात्र लगेच भाषण केले. जशी संस्थाने भारतात विलीन झाली तसे पाणी मूर्तीत विलीन झाले, असा त्याचा सारांश. मला उपमा उलटी वाटली, कारण या पाण्याला बाहेर पडायला फक्त बावीस दिवस आणि एक गव्हाची कोठी पुरली होती. पण वेळ चांगली होती, टाळ्या मीही वाजवल्या.

मी अहवालात लिहिले: मूर्ती तांब्याच्या मिश्र धातूची, पोकळ ओतीव, आत मातीचा गाभा, सोने नाही, काही गेलेले नाही. आणि एक विनंती केली की यापुढे अभिषेक मूर्तीवर न करता पुढे ताम्हणात सुपारी ठेवून तिच्यावर करावा, कारण हे पाणी आतून तिला खाईल. गावाने ती मान्य केली. "नसल्यास काय" ही जागा मी कोरी सोडली.

निघताना

चौथ्या दिवशी गाडी दुपारची होती. सकाळी आप्पांचा निरोप घ्यायला गेलो तर दुकानासमोर जसोंडीची बैलगाडी उभी, आणि दुकानात भट्टी पेटलेली. मुशीत बिल्ले पडले होते. सूर्य बुडाला होता, घोड्याचे मागचे पाय तेवढे वर दिसत होते. पाटील पागोटे मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते. माफीचा शब्द त्यांनी काढला का, हे मला माहीत नाही. मी पोचलो तेव्हा काकू तिसऱ्यांदा चहा आणत होत्या.

मग पाटील उठले आणि गाडीतून देवळातली तांब्याची घागर आणली. वाटेत बैलांना पाजायला तिच्यात पाणी भरले होते, ते त्यांनी रस्त्यावर ओतले.

"पोचा आला हाये, आप्पा. काढून द्या."

आप्पांनी सवयीने तराजूकडे हात नेला. पाटलांनी तो मधेच धरला. "वजन नको. तशीच ठेवा."

आप्पांनी हात सोडवून घेतला, तराजू खाली काढला आणि पारडी झटकली.

"नाही पाटील," ते म्हणाले. "वजन होणार." मग घागर त्यांच्यापुढे सरकवून पंचा दिला. "पण आधी आतून पुसा. कोरडी करा."